उत्तर कुठे आहे, माझगाव

परवानगीचा कागद खिशात, चार घड्यांचा.
शिक्का ओला असतानाच दुमडला,
म्हणून दुसऱ्या घडीवर उलटा उमटलेला.
इमारतीच्या भेगा मोजायच्या आहेत, शनिवारी अहवाल.
ड्रोन गच्चीवर ठेवलं आणि पडद्यावर लाल ओळ:
होकायंत्रात अडथळा. जागा बदला.

बदलली.
टाकीपासून पाच पावलं. मग लिफ्टच्या खोलीपासून दहा.
मोबाईल टॉवरकडे पाठ करून, जणू त्याने पाहू नये.
घड्याळ काढलं. चपलेच्या बक्कलाचाही संशय घेतला.
किल्ल्या ऑस्विनकडे दिल्या,
तो त्या घेऊन जिन्यात बसला,
गोवर आलेल्या पोरासारखा वेगळा.

मग तो विधी. ड्रोन छातीशी आडवं धरून
स्वतःभोवती एक फेरी, नाक खाली करून आणखी एक.
समोरच्या खिडकीतली बाई दात घासायची थांबली.
तिला वाटलं असेल, दृष्ट काढतेय कुणाची.
हिरवा दिवा.
उडालं.

दोन पुरुष उंच गेलं
आणि घिरट्या घालू लागलं,
आधी परातीएवढ्या, मग टाकीएवढ्या,
मोरीत पाणी उतरतं त्याच्या उलट, बाहेर बाहेर.
थांब म्हटलं, तर थांबण्यासाठी जिकडे जोर लावायचा
ती बाजूच त्याच्या डोक्यात चुकलेली.
उपग्रहांचं ऐकणं बंद केलं,
अंगठ्यांनी ओढत खाली आणलं
वाळत घातलेल्या चादरीत.

चादर परकारचाचांची.
अठ्ठावीस वर्षं गोदीत जहाजांची होकायंत्रं सरळ करत होते.
भोकं मोजली, दोन. मग टाच आपटली गच्चीवर:
"इंचभर खाली सळयांचं जाळं आहे.
लोखंडावर उभी राहून तू त्याला उत्तर शिकवलीस.
ते लोखंडच शिकलं."

मी म्हटलं, जहाज तर सगळंच लोखंड.
"म्हणून तर पगार मिळायचा."

बंदराबाहेर जहाज सावकाश गोल फिरवायचं,
आठ दिशांना तोंड,
प्रत्येक दिशेला होकायंत्र किती खोटं बोलतं, लिहायचं.
चुंबकाच्या कांड्या सरकवायच्या,
दोन बाजूंचे गोळे जवळ, लांब, पुन्हा जवळ.
तरी थोडं उरतंच.
उरलेलं कार्डावर लिहून काचेखाली, कप्तानासमोर:
पूर्वेला दोन अंश. नैर्ऋत्येला अर्धा.
"खोटं जात नाही गं. किती, ते ठाऊक असलं की पुरे."

आणि हे शहर? हसले.
शहराने तर कधीच नाद सोडला.
विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर
कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकसुया
समुद्रापलीकडे अलिबागला नेऊन ठेवल्या.
ट्राम गेल्या. सुया काही परत आल्या नाहीत.

मी खाली उतरले, माथारपाखाडीच्या क्रॉसमागे
जिथे अजून थोडी माती आहे, तिथे पुन्हा फिरवलं,
एक आडवी, एक उभी.
ऑस्विन वीस पावलं मागे, किल्ल्यांसकट.
वर आलो तर चाचांनी स्टूल काढून ठेवलेलं,
सागवानी, जहाजाच्या सुताराने केलेलं,
एकही खिळा नाही, नुसते सांधे.
कमरेएवढ्या उंचीवर ड्रोन ठेवलं.
पडद्यावरची लाल पट्टी विझत विझत हिरवी झाली.

सरळ उडालं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

सहाव्या मजल्याच्या छज्जाखाली गिलावा गळून
सळई बाहेर आली होती, गंजून फुगलेली, लाल.
सकाळपासून जिच्याशी भांडत होते
तिचं तोंड आत्ता दिसलं.
फोटो घेतला. जवळून दुसरा.
अहवालात शेऱ्याचा रकाना लहान असतो.
लांबी लिहिली, रुंदी, मजला.
दिशा लिहिली, ईशान्य,
आणि पुढे पेन्सिलीने,
चूक असल्यास दोन अंश.